सनईचा ओबो

एकविसाव्या वर्षी मी वाशीत एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला लागलो. स्टुडिओ म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड सतरंज्या ठोकलेल्या आणि मधल्या भिंतीत दुहेरी काच. काचेपलीकडे गाणारे-वाजवणारे, अलीकडे कॉम्प्युटर आणि मी. मालकांना मी सर म्हणायचो. ते कीबोर्ड वाजवायचे, चाली लावायचे, आणि भक्तिगीतांच्या कॅसेटी, केबलवरच्या जाहिराती, शाळांच्या गॅदरिंगची गाणी असं मिळेल ते काम घ्यायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सरांनी धाडस करून नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला मला ठेवलं होतं, कारण त्याआधी मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर जोडून देण्याचं काम करायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "घरी कुणी गातं-बितं का रे?"

"नाही सर," मी म्हणालो.

ते खोटं होतं. तिथूनच सगळं सुरू झालं असं मला आता वाटतं, पण खरं तर त्याच्याही आधी सुरू झालं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. दिवसभर ट्रकमधून पोती उतरवायची, गाळ्यात थप्पी लावायची. पण साताऱ्याकडच्या आमच्या गावात आमचं घर वाजपाचं. लग्न कुणाचंही असो, नवरदेवाच्या घोड्यापुढे आमच्या घरची सनई. देवाचा छबिना निघाला की पालखीपुढे आमचीच सनई. पंगतीला मात्र आम्ही सगळ्यात शेवटी, आणि जरा बाजूला. चौथीपर्यंत मी गावच्या शाळेत होतो. वर्गातली पोरं मला पिपाणी म्हणायची. नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मग आबांनी आम्हाला कोपरखैरण्याला आणलं आणि इथे पिपाणी संपली. इथे मी माथाड्याचा पोरगा होतो, आणि आजूबाजूला सगळेच माथाड्यांचे पोरगे होते. आबा चैत्रात जत्रेला गावी जायचे तेव्हा मी मित्रांना सांगायचो, शेतीचं काम निघालं. आम्हाला शेती नव्हती.

आबा वाजवायचे ते मात्र मी चोरून ऐकायचो. ते घरात वाजवत नसत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. नुसती ताडाच्या पानाची पत्ती ओठांत धरून हलकेच फुंकायचे, पत्ती मऊ राहावी म्हणून. तेवढ्यानेही मला त्या दिवशी त्यांच्या मनात कुठला राग आहे ते कळायचं. असा मी, आणि घरी कुणी गात नाही म्हणून सांगणारा.

कामाला लागून वर्ष झालं असेल तेव्हा सरांच्या ओळखीच्या कुणीतरी परदेशातून एक सीडी आणली. तिच्यात एक सॉफ्टवेअर होतं. कीबोर्डचा पेटाऱ्याएवढा डबा जे काम करतो ते सगळं कॉम्प्युटरच्या पोटात करणारं. सरांना त्याचा कंटाळा आला, मला वेड लागलं. त्यात एक गंमत होती. पडद्यावर शून्य ते शंभरपर्यंतची एक आडवी पट्टी दिसायची. तिच्या डाव्या टोकाला एक आवाज ठेवायचा, उजव्या टोकाला दुसरा, आणि मधला ठिपका माउसने सरकवायचा. समजा डावीकडे बासरी आहे आणि उजवीकडे व्हायोलिन. ठिपका सरकवत नेला की बासरी कमी होऊन व्हायोलिन वाढत नाही, तसं तर कुठल्याही मिक्सरवर करता येतं. बासरीचंच हळूहळू व्हायोलिन होत जातं. चाल तीच चालू राहते, सूर तुटत नाही, आणि वाजवणारं वाद्य मात्र बदलून गेलेलं असतं. आणि मध्ये कुठेतरी असा एक आवाज लागतो जो दोन्हीही नसतो. त्या काळात टीव्हीवर एका माणसाच्या चेहऱ्याचा दुसऱ्याच माणसाचा चेहरा होताना दाखवायचे, मॉर्फिंग म्हणतात त्याला, तसंच हे आवाजाचं. कॉम्प्युटर बिचारा फार हळू होता. चार सेकंदांच्या आवाजासाठी आठ-आठ मिनिटं गुरगुरत बसायचा. मी समोर बसून राहायचो. दुपारचा डबा खायचं राहून जायचं.

एक दिवस सर म्हणाले, "सीवूड्सला एका बिल्डरचं नवीन कॉम्प्लेक्स येतंय, त्याची अ‍ॅड आहे. त्याला एकदम वेगळा साउंड पाहिजे. इंडियन पण पाहिजे आणि फॉरेन पण. मी म्हटलं, होऊन जाईल. आता तू बघ. टेन्शन नको घेऊ, आठवडा आहे."

इंडियन पण आणि फॉरेन पण. हे ऐकताच माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या आवाजांत ओबो नावाचं विलायती वाद्य होतं. तेही पत्तीचं, फुंकून वाजवायचं, म्हणजे सनईच्या नात्यातलं, पण सुटाबुटातलं. डावीकडे सनई, उजवीकडे ओबो. फक्त सनई पाहिजे होती.

रविवारी स्टुडिओ बंद असायचा आणि किल्ली माझ्याकडे असायची. मी आबांना म्हणालो, "आबा, तुमची सनई जरा कॉम्प्युटरमध्ये घ्यायची होती."

त्यांनी मला दोनदा विचारलं, "माजी?"

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. स्टुडिओत चप्पल बाहेर काढून आले आणि भिंतीवरच्या सतरंज्यांना हात लावून बघत राहिले. मी माइक लावला आणि सांगितलं, "फक्त एक सूर वाजवा. सा. जेवढा लांबेल तेवढा."

"नुसता सा? गानं न्हाय?"

"गाणं नको. आधी सा, मग प."

त्यांनी सा लावला. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, सूर न तोडता त्यांनी तो मिनिटभर तरी धरला असेल. सुराची रेघ पडद्यावर उमटत होती. वाजवून झाल्यावर ते अलीकडे आले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्यो माजा दम हाय व्हय?" मी हो म्हणालो. त्यांनी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग स्वतःहूनच आत जाऊन भूपाचा एक तुकडा वाजवला. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आसंल कामाला."

सोमवारी मी तो तुकडा पट्टीवर टाकला. ठिपका साठच्या आसपास आल्यावर जो आवाज निघाला तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्यात सनईची धार नव्हती आणि ओबोचा गुळगुळीतपणाही नव्हता. सर आत आले, उभ्या-उभ्या ऐकलं आणि खुर्ची ओढून बसले.

"परत लाव." मी लावलं. "अरे, काय आहे हे? कुठून काढलंस?"

मी सांगू शकलो असतो. तोंडापर्यंत आलंही होतं. पण सरांच्या तोंडावर माझ्याबद्दल जे कौतुक होतं ते मला आबांबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. आणि पिपाणी हा शब्द इतक्या वर्षांनी कानात वाजला, तेही होतंच. मी म्हणालो, "सॉफ्टवेअरमध्येच आहे सर. फॉरेनचा ओबो. मी जरा खेळलो त्याच्याशी."

"कडक," सर म्हणाले. "आता याच आवाजात अख्खी चाल बसव. पंधरा सेकंद."

तिथे मी अडकलो. कीबोर्डवर चाल वाजवून बघितली, पण कीबोर्डला मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं येत नाही. दोन दिवस खटपट केली. सर प्रत्येक वेळी ऐकून मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे मेलेलं आहे रे. पहिल्यात श्वास होता. खरं सांग, कोण वाजवतंय ते?"

"गावाकडचे एक आहेत सर," मी म्हणालो. "ओळखीचे."

"मग बोलाव ना त्यांना! उद्या चारला गाणं रेकॉर्ड होणारच आहे, सगळे असतील."

घरी येताना मी ठरवलं होतं की उद्या खरं सांगायचं. आबा दारात आले की म्हणायचं, सर, हे माझे वडील. एवढी चार शब्दांची गोष्ट. आबांना फक्त एवढंच सांगितलं की उद्या चारला या, सरांना तुमचं वाजवणं आवडलंय. त्यांनी आईला ते तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ भरलेला होता. जाहिरातीत गाणारी मुलगी आणि तिची आई आली होती, बिल्डरच्या ऑफिसातला एक टाय लावलेला माणूस आला होता. तबल्याला नेरुळचे एक वयस्कर तबलजी होते. पांढरा कुडता, कपाळाला गंध, बोलणं असं स्वच्छ की माझी वाक्यं त्यांच्यासमोर आपोआप आखडायची. चार वाजले, सव्वाचार वाजले. साडेचारला बेल वाजली आणि मी दार उघडलं.

मार्केटात गाड्या उशिरा लागल्या होत्या. आबा घरी जाऊन कपडे बदलू शकले नव्हते. खाकी हाफपँट, खांद्यावर घामाने काळा पडलेला टॉवेल, कमरेला पोती ओढायचा लोखंडी हूक. डोक्याला, मानेला कांद्याची वाळकी सालं चिकटलेली. कांद्याचा वास त्यांच्या आधी आत आला. सकाळीच बरोबर नेलेल्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली सनई होती आणि ते हसत होते.

माझ्यामागून सर आले. "हेच का ते तुमच्या गावचे?"

टायवाला बघत होता. गाणाऱ्या मुलीच्या आईने ओढणीचं टोक नाकाशी नेलं, किंवा नेलं नसेलही, मला तसं दिसलं.

"हो सर," मी म्हणालो. आणि आबांकडे वळून म्हणालो, "या काका, आत या."

आबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. एखाद्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की माणूस जेवढा थांबतो तेवढंच. मग त्यांचं हसणं तसंच राहिलं, पण ते आता सगळ्यांसाठी होतं.

"व्हय साहेब," ते सरांना म्हणाले, "ह्यांच्याच गावचा मी." आणि मला म्हणाले, "कुटं बसू साहेब?"

माझ्या बापाने मला साहेब म्हटलं. टोमणा म्हणून नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, पोत्याचा तोल जायला लागला की शेजारचा माथाडी पटकन हात लावतो तसं.

ते पुढचा सगळा वेळ मला साहेबच म्हणत राहिले. मी काचेअलीकडे हेडफोन लावून बसलो होतो आणि त्यांचा आवाज थेट कानात येत होता. "साहेब, सुराची पट्टी हीच का?" "साहेब, पुन्यांदा घेऊ का?" सरांनी चाल म्हणून दाखवली, ती त्यांनी एकदा ऐकून उचलली. आधी सगळे एकमेकांशी कुजबुजत होते. दुसऱ्या वेळी वाजवायला लागले तेव्हा कुजबुज थांबली. तबलजींना तेव्हा वाजवायचं नव्हतं, तरी त्यांचा हात मांडीवर ठेका धरायला लागला होता.

वाजवून झाल्यावर तबलजी उठून आबांजवळ जाऊन बसले. माइक चालूच होता.

"गुरू कोण आपले?" त्यांनी विचारलं.

"बाप," आबा म्हणाले. "आनि त्येचा बाप."

"घराणंच म्हणायचं की. आणि पुढे? मुलं वाजवतात?"

आबांनी सनईची पत्ती काढून बोटाने पुसली. "पोरगं शिकलंय," ते म्हणाले. "कंप्युटरवर काम करतंय."

"वा! कुठे असतात?"

"हितंच. वाशीला."

त्यांनी काचेकडे बघितलं नाही. माझा हात माउसवर होता. पडद्यावर त्यांच्या बोलण्याच्या रेघा उमटत होत्या आणि मी त्या बघत होतो. काचेचं दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं. तिथे कुणी माझा अपमान करणारं नव्हतं. तबलजी आबांशी अदबीने बोलत होते, सरांनी स्वतः चहाचा कप नेऊन दिला. आत जाऊन ते पोरगं मीच असं म्हटलं असतं तर सगळे बहुधा आनंदानेच हसले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी उठलो नाही. आता इतक्या वर्षांनी लोकांना दोष देण्याची फार इच्छा होते, पण त्या दिवशी त्या खोलीत वाईट वागलेला माणूस एकच होता.

जाताना आबांनी सगळ्यांना हात जोडले. मलाही जोडले.

संध्याकाळी घरी पोचलो तर आबा आंघोळ करून बसले होते आणि आई त्यांना खोदून-खोदून विचारत होती. एसी होता का, किती माणसं होती, चहा कपात दिला का.

"आवो, पन पोरानं वळख करून दिली का न्हाय, माजं वडील म्हनून?"

मी दारात चप्पल काढत होतो. वाकलेला तसाच राहिलो.

"दिली की," आबा म्हणाले. "समद्यांम्होरं दिली."

त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. आईने ओवा दिला.

जाहिरात तयार झाली. पंधरा सेकंदांत ठिपका तीसवरून सुरू होऊन हळूहळू नव्वदपर्यंत जायचा. सनई वाटणारा सूर वाजता-वाजता ओबो होऊन जायचा, आणि तेवढ्यात पडद्यावर चाळ जाऊन टॉवर यायचा. बिल्डरला ती इतकी आवडली की सर मला सगळ्यांना दाखवायला लागले, हा आमचा मॉर्फिंगवाला. त्या महिन्यात हार्ड डिस्क भरत आली होती. तेव्हाच्या डिस्क केवढ्याशा! जागा करायला मी जुन्या फायली उडवल्या. त्यात आबांचं मूळ वाजवणं होतं, रविवारचा सा आणि प, भूपाचा तुकडा, आणि तबलजींशी बोललेलंही. गाणं तयार झालंय, आता कच्चा माल कशाला, असा मी विचार केला. खरं कारण वेगळं होतं. 'हितंच, वाशीला' हे मला त्या कॉम्प्युटरमध्ये नको होतं. उडवताना मशीन विचारतं, नक्की का? मी हो म्हटलं.

केबलवर जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा आम्ही तिघेही घरी होतो. आईने आवाज वाढवला. "ह्यात तुमचं कुटलं?"

आबांनी एक बोट वर केलं. सूर चालू होता. चारेक सेकंद गेले, पाच, आणि ते म्हणाले, "हितवर मी हाय." मग बोट खाली घेतलं. "आता न्हाय."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. त्यांनी बोट खाली घेतलं तिथे ठिपका पन्नासच्या जरा पुढे होता. मला हेडफोन लावूनही ती जागा नेमकी सांगता आली नसती. आई म्हणाली, "पन लई गोड लागतंय." आबा म्हणाले, "व्हय, गोड हाय."

दोन-तीन महिन्यांनी तबलजी कुठल्याशा रेकॉर्डिंगला आले आणि काम झाल्यावर माझ्याकडे थांबले. "ते तुमच्या गावचे सनईवाले, त्यांचा पत्ता द्या हो. आमच्या गुरुजींच्या स्मरणार्थ बेलापूरला दरवर्षी छोटी बैठक करतो. शंभरेक जाणकार येतात. त्यांना अर्धा तास वाजवू द्यायचंय. असं वाजवणं आता ऐकायला मिळत नाही."

अर्धा तास, आणि ऐकायला आलेले लोक. घोड्यापुढे चालत नाही, बसून. आबांना आयुष्यात कुणी लोकांसमोर बसून वाजवायला सांगितलं नव्हतं.

"ते गावी गेले," मी म्हणालो. "कायमचेच. पत्ता नाही माझ्याकडे."

पहिल्या वेळेला घाई होती, लोक होते, मी भांबावलो होतो, असं काहीबाही स्वतःला सांगता येत होतं. या वेळी खोलीत आम्ही दोघेच होतो आणि उत्तर द्यायला मला हवा तेवढा वेळ होता. पत्ता दिला असता तर खोटं उघडं पडलं असतं, एवढंच कारण. तबलजी म्हणाले, "अरेरे. बरं, निदान ते मूळ रेकॉर्डिंग तरी ऐकवा, तुमचं ते मशीनचं नाही, त्यांचं." तेही नव्हतं. ते गेल्यावर मी त्या गोड आवाजाचा ठिपका डावीकडे ओढून बघितला, म्हटलं उलटं जाता येतंय का बघू. एकदा मिसळलेलं वेगळं होत नाही. डावीकडे नुसती खरखर आली.

बेलापूरची बैठक झाली. आबा त्या संध्याकाळी घरी होते, भाजी निवडत होते.

उन्हाळ्यात मार्केटात थप्पीवरचं एक पोतं घसरलं आणि खाली वाकलेल्या आबांच्या तोंडावर आपटलं. पुढचे वरचे दोन दात तिथेच पडले, शेजारचे दोन हलले होते ते डॉक्टरांनी काढले. ओठ फाटला होता, त्याला टाके घातले. त्यांच्या माथाडी टोळीतली माणसं दवाखान्यात म्हणत होती, डोळा वाचला, नशीब. मला आणि आईला मात्र वेगळंच दिसत होतं. सनईला पुढचे दात लागतात. दात नसले की ओठांना मागून आधार राहत नाही आणि पत्ती पकडीत येत नाही. आबांना हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

घरी आणल्यावर आठवडाभर ते पेजेवर होते. एका दुपारी आई पाणी भरायला गेली होती तेव्हा मी त्यांच्या खाटेशी बसलो आणि सगळं सांगितलं. काका म्हटल्याचं सांगायची गरज नव्हती, ते त्यांना माहीत होतं. बैठकीचं सांगितलं, पत्ता नाही म्हटल्याचं सांगितलं, रेकॉर्डिंग उडवल्याचं सांगितलं. बोलताना मी खाटेच्या नवारीकडे बघत होतो.

आबांनी फडक्याने ओठ टिपला. मग फाटक्या ओठातून, शब्द सांडत म्हणाले, "टोळीत बारा वरसं झाली मला. म्या वाजवतो ह्ये एकाला बी ठावं न्हाय. म्या बी कुनाला सांगितलं न्हाय."

मला हायसं वाटलं. एक क्षणभर वाटलं की आम्ही दोघे एकाच बाजूला आहोत.

"पन," ते म्हणाले, "म्या माज्या बापाला कवा काका म्हनलं न्हाय."

ते रागावून म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघूनही म्हणाले नाहीत. मग त्यांनी पाणी मागितलं आणि मी दिलं.

पुढच्या रविवारी मी नेरुळला तबलजींच्या घरी गेलो. त्यांनी बसा म्हटलं, पण मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर बोलता आलं नसतं. ते ऐकत राहिले. मध्ये त्यांच्या पत्नी सरबत घेऊन आल्या, त्यांना त्यांनी हाताने थांबवलं.

"म्हणजे तेव्हा वडील वाशीला असणाऱ्या मुलाबद्दल बोलले," ते शेवटी म्हणाले, "तो तू."

मी मान हलवली. त्यांनी आत्तापर्यंत मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"दात कधी गेले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मनात महिने मोजले असावेत. बैठक ते पोतं यांच्यात चार महिने होते. ते काही म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांनी बोलायला हवं होतं.

आमच्याकडे ते त्याच आठवड्यात आले. रिक्षातून उतरून दोन जिने चढून आले आणि आबांच्या पायाशी वाकले. आबा गडबडून उठायला लागले. दोघे तीन तास बसले. मी समोर थांबू शकलो नाही, स्वयंपाकघरात आईजवळ उभा राहिलो. सर्व ऐकू येत होतं. छबिन्याला कुठले राग वाजवतात, पहाटे देवाला उठवताना कुठला, नवरी निघताना कुठला. आबा तोंडाने म्हणून दाखवायचे, मध्येच हवा निसटायची, मग हसायचे. तबलजी खाटेच्या लाकडावर ठेका देत होते.

जाताना ते म्हणाले, "माझ्याकडे दोन मुलं येतात, सनई शिकायची फार इच्छा आहे. तुम्ही याल का?"

"दात न्हाईत की वो मला."

"बोटं आहेत ना. आणि डोक्यात आहे ते."

आबा गेले. दर रविवारी, पुढे पाच वर्षं. मुलांना बोटं कुठे ठेवायची ते दाखवायचे, चाल तोंडाने सांगायचे, चुकलं की त्यांच्या मांडीवर चापट मारायचे. कवळी बसवली होती, पण तिने फुंकता येत नव्हतं. ते स्वतः पुन्हा कधी वाजवू शकले नाहीत. त्यातला एक मुलगा आता बरा वाजवतो असं ऐकलंय. मी त्याला कधी ऐकायला गेलो नाही.

स्टुडिओत मी सरांनाही सांगितलं. ते माइकची कॉर्ड गुंडाळत होते. म्हणाले, "अरे, मग तेव्हाच सांगायचं ना! ग्रेट वाजवतात यार तुझे फादर." आणि कॉर्ड गुंडाळत राहिले. एवढंच होतं ते. जे मी इतकं दाबून धरलं होतं ते दुसऱ्याला अर्ध्या मिनिटाचंही नव्हतं. त्या आवाजासाठी सरांना कुणीकुणी विचारायचं, तेव्हा मी ते काम टाळायला लागलो. पुढे मी हिशेबाची सॉफ्टवेअरं बसवण्याच्या कामाला लागलो. तिथे ऐकायला काही नसतं.

रविवारी आबांना स्कूटरवरून नेरुळला मीच सोडायचो. ते सनईची पिशवी मांडीवर धरून मागे बसायचे, वाटेत मार्केटातलं, गावाकडचं बोलायचे, माझ्याशी कधी तोडून वागले नाहीत. तिथे पोचलो की ते वर जायचे आणि मी सोसायटीच्या खालच्या पायरीवर बसायचो. वरून मुलांचे बेसूर सूर यायचे आणि मध्येच आबांचा आवाज. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही वर चल म्हटलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.